चेकआऊटवर ‘रुपयात भरा’ आलं की थांबा

२०२४ च्या दिवाळीआधी मी जर्मनीतल्या एका दुकानातून दुर्बिणीचं आयपीस मागवलं. नाशिकमध्ये आमचा पाच-सहा जणांचा आकाशदर्शनवाला कंपू आहे, त्यातल्या एकानं लिंक टाकली, किंमत ११९ युरो, युरो तेव्हा नव्वदच्या आसपास, म्हणजे साडेदहा-पावणेअकरा हजार. घरात तसंच सांगितलं. शेवटी खिशातून गेले सोळा हजारांच्या घरात आणि ते घरात अजून पूर्ण सांगितलेलं नाहीये.

गंमत म्हणजे यात कुणी फसवलं असं म्हणता येत नाही. साइटनं थोडं काढलं, बँकेनं थोडं काढलं, त्यावर जीएसटी, मग कस्टम्स, मग कुरिअरवाल्याची ‘सेवा’. सगळं कुठे ना कुठे लिहिलेलं होतं, फक्त ‘फी’ या नावानं एका जागी कुठेच नव्हतं. म्हणून हे लिहितोय, म्हणजे पुढच्या माणसाला बटण दाबायच्या आधी आकडा कळेल, आणि कुणी जास्तच मारले तर कुठे भांडायचं तेही कळेल.

सगळ्यात आधी एक सवय लावा. पैसे भरायच्या आधी त्या दिवसाचा खरा रेट बघायचा. गूगलवर ‘युरो टु रुपी’ टाकलं की जो येतो तो, बँका आपसात ज्याच्या आसपास व्यवहार करतात तो. तो रेट तुम्हाला कुणीच देणार नाही, पण मोजायला पट्टी तीच. समोरचा जो रेट देतोय तो आणि हा, यातलं अंतर म्हणजे तुमची खरी फी, मग वर ‘झिरो कमिशन’ची कितीही मोठी पाटी असो.

आता माझंच बिल उघडून दाखवतो. देश ‘इंडिया’ निवडल्यावर ११९ चे १०० युरो झाले, कारण जर्मनीचा १९ टक्के व्हॅट युरोपाबाहेर जाणाऱ्या मालावर लागत नाही (सगळी दुकानं हा आपोआप काढत नाहीत हां, काढला नसेल तर ऑर्डरच्या आधी मेल करून विचारा, एवढ्या एका मेलचे १९ युरो वाचतात). शिपिंग २५. एकूण १२५ युरो, ९० च्या रेटनं ११,२५०. पण पेमेंटच्या पानावर आधीच टिक करून ठेवलेलं होतं, ‘भारतीय रुपयात भरा’, आणि आकडा होता ११,९००. मला वाटलं बरंय, रुपयात आहे, नंतर भानगड नको. तिथेच साडेसहाशे गेले.

याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात, बोलताना डीसीसी. दुकानदाराची पेमेंट कंपनी तुमच्यासाठी युरोचे रुपये करून देते, आणि रेट तिचा. वर आणखी एक मजा, रुपयात भरलं म्हणजे आपल्या बँकेचा चार्ज तरी वाचला असं वाटतं, तेही नाही. स्टेटमेंटमध्ये १४० रुपये वेगळे दिसले म्हणून मी बँकेला फोन लावला.

“सर, ते इंटरनॅशनल ट्रान्झॅक्शन आहे.”

“अहो पण मी रुपयात भरलंय ना.”

“हो सर, पण मर्चंट बाहेरचा आहे सर.”

झालं. बऱ्याच बँका परदेशी दुकानाला रुपयात दिलेल्या पैशांवरही टक्का-दीड टक्का लावतात, वर १८ टक्के जीएसटी. माझ्या केसमध्ये ११,९०० वर १ टक्का म्हणजे ११९, त्यावर जीएसटी २१ आणि काही पैसे.

तेच मी युरोत भरलं असतं तर? माझ्या कार्डाचा फॉरेक्स मार्कअप, म्हणजे परदेशी चलनातल्या खर्चावर बँक वर लावते तो टक्का, ३.५ आहे, आपल्याकडच्या बऱ्याच क्रेडिट कार्डांचा साधारण एवढाच असतो. ११,२५० वर ३९४ रुपये, त्यावर जीएसटी ७१, म्हणजे ११,७१५ च्या आसपास. रुपयात पडले १२,०४०. म्हणजे महागातलं कार्ड वापरूनही युरोत सव्वातीनशे वाचले असते. तेव्हा नियम एकच, नेहमी तिथल्या चलनात भरायचं. साइटवर, हॉटेलात, एटीएमवर, सगळीकडे. आणि ३.५ टक्के म्हणतात ते खरे ३.५ नसतात, जीएसटी धरून ४.१३ होतात, तोच आकडा डोक्यात ठेवा.

तुमच्या कार्डाचा मार्कअप किती ते बघायचं तर कार्डाच्या जाहिरातीत बघू नका. बँकेच्या साइटवर ‘एमआयटीसी’ नावाची पीडीएफ असते, मोस्ट इम्पॉर्टंट टर्म्स अँड कंडिशन्स, त्यात ‘फॉरेन करन्सी’ शोधा. मी पहिल्यांदा उघडली तेव्हा कार्ड घेऊन चार वर्षं झाली होती. परदेशी खरेदी वारंवार होत असेल तर कमी किंवा शून्य मार्कअपवालं कार्ड बघा, फक्त ‘शून्य’ म्हणजे खरंच शून्य की आधी कापून मग पॉइंट्समध्ये परत, हे वाचा, आणि वार्षिक फी किती तेही.

परदेशात फिरायला गेल्यावर हाच डीसीसी तोंडावर येतो. आमची आत्या ग्रुप टूरनं दुबईला गेली होती. दुकानात मशीनवर दोन आकडे आले, एक दिरहममध्ये एक रुपयात, आणि काउंटरवरच्या पोरानं तिला न विचारता रुपयावालं बटण दाबून मशीन पुढे केलं. आत्याला वाटलं केवढा समजूतदार मुलगा. असं झालं तर पिन टाकायच्या आधी बोला, टाकून झाला असेल तर स्लिप बघून तिथल्या तिथे व्यवहार रद्द करून परत दिरहममध्ये करायला लावा, कारण चलन निवडायचा हक्क कार्डवाल्याचा आहे, दुकानदाराचा नाही, हे व्हिसा-मास्टरकार्डच्या नियमातच आहे. स्लिप फेकू नका. न विचारता रुपयात केलं असेल तर घरी आल्यावर बँकेत त्यावर डिस्प्युट टाकता येतो.

एटीएमवर जरा जास्त घाबरवतात. ‘कन्व्हर्जन स्वीकारा’ हिरव्या रंगात आणि ‘नाकारा’ लाल रंगात, त्यामुळे माणसाला वाटतं नाकारलं तर पैसेच येणार नाहीत. येतात हो. नाकारा दाबायचं, फक्त कन्व्हर्जन नाकारलं जातं. शिवाय तिथल्या एटीएमची फी वेगळी, आपल्या बँकेची दर वेळची ठरलेली फी वेगळी, मार्कअप वेगळा, म्हणून शंभर-शंभर करत चार वेळा काढण्यापेक्षा एकदाच काढा. आणि क्रेडिट कार्डानं रोख काढू नका, कुठेच नका, त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज चालू होतं.

आता कस्टम्स. इथे लोकांचा समज असा की ड्युटी वस्तूच्या किमतीवर लागते. नाही, वस्तू अधिक शिपिंग अधिक विमा, या बेरजेवर लागते. आणि आयजीएसटी (बाहेरून आलेल्या मालावरचा जीएसटी) लागतो तो ड्युटी मिळवून जी रक्कम होते तिच्यावर, म्हणजे करावर कर. समजा ड्युटी १० टक्के आणि आयजीएसटी १८ टक्के (दर वस्तूप्रमाणे आणि बजेटप्रमाणे बदलतात, मागवायच्या आधी बघून घ्या). ११,२५० वर ड्युटी ११२५, त्या ड्युटीवर १० टक्के सरचार्ज ११२ रुपये ५० पैसे, बेरीज १२,४८७ रुपये ५० पैसे, त्यावर १८ टक्के म्हणजे जवळपास २२४८. एकूण कर साधारण ३४८५. दहा टक्के ऐकून निवांत बसलेला माणूस प्रत्यक्षात एकतीस टक्के भरतो.

यावर कुरिअरची फी. कंपनी तुमच्या वतीनं ड्युटी आधी भरते आणि त्याबद्दल वेगळे पैसे घेते, त्यावर परत जीएसटी. दारात आलेला पोरगा म्हणाला, “काका, एवढे द्या, कस्टमचे आहेत.” एकच आकडा. मी पावती मागितली तर त्याच्याकडे नव्हती, त्याचा बिचाऱ्याचा काय दोष. ऑफिसला मेल टाकल्यावर ब्रेकअप आला तेव्हा कळलं की सगळे कस्टमचे नव्हते. तेव्हा पैसे द्यायच्या आधी ड्युटीचा कागद मागा, बिल ऑफ एंट्री म्हणतात त्याला, त्यात सरकारचं किती ते स्पष्ट असतं. उरलेलं कुरिअरचं. आणि ऑर्डर करतानाच तीन अक्षरी भानगड बघा, डीडीपी लिहिलं असेल तर ड्युटी विकणाऱ्यानं धरलीय, डीएपी किंवा डीडीयू असेल तर ती दारात तुमच्याकडून निघणार.

‘गिफ्ट लिहून पाठव ना’ हा आपला आवडता उपाय तर विसराच. पाच हजारापर्यंतची भेट ड्युटीशिवाय यायची ती सवलत डिसेंबर २०१९ मध्ये गेली, राहिल्या फक्त जीवरक्षक औषधं आणि राख्या. राखीसोबत चॉकलेटचा डबा आला की डब्याचा हिशोब वेगळा.

माल परत करायची वेळ आली तर मनाची तयारी ठेवा. रिफंड युरोत येतो आणि त्या दिवशीच्या रेटनं रुपयात होतो, तोही बँकेच्या खरेदीच्या रेटनं, शिवाय जाताना कापलेला मार्कअप बहुतेक वेळा परत येत नाही. भरलेली ड्युटी परत मिळवणं तर कागदांचं असं जंगल आहे की लहान पार्सलसाठी कुणी त्यात शिरत नाही. म्हणून परदेशातून कपडे-बूट मागवताना मी तरी दहादा विचार करतो, साइज चुकला की संपलं.

बँकेतून पैसे पाठवणं-मागवणं हा अजून एक कोपरा. पोरं शिकायला बाहेर गेली की आईबाप पहिल्यांदा ‘स्विफ्ट’ शब्द ऐकतात, परदेशी बँकेत पैसे पाठवायची ती यंत्रणा. फॉर्मवर चार्जेससाठी तीन पर्याय असतात, अवर, शा आणि बेन. अवर म्हणजे सगळे चार्जेस पाठवणाऱ्याचे, शा म्हणजे वाटून, बेन म्हणजे घेणाऱ्याचे. शा निवडलं की मधली बँक वाटेत आपले डॉलर कापून घेते आणि कॉलेजला फी वीस-पंचवीस डॉलर कमी पोचते, मग कॉलेज म्हणतं फी भरलेलीच नाही. फी भरताना अवर टिक करा. रेट विचारताना ‘टीटी सेलिंग रेट काय देताय’ असं विचारा (बाहेर पाठवायला बँक तुम्हाला डॉलर विकते तो रेट), आणि ब्रँचमध्ये घासाघीस होते बरं का, मोठी रक्कम असेल तर पाच-दहा पैसे खाली येतात, भाजीसारखं आहे, विचारणाऱ्याला मिळतं.

चलन बदलण्यावर जीएसटी असतो हेही कुणी सांगत नाही. एक लाखापर्यंतच्या रकमेचा १ टक्का ही ‘सेवेची किंमत’ धरतात, कमीत कमी २५० रुपये, आणि त्यावर १८ टक्के. म्हणजे ५०,००० बदलले तर ५०० वर ९० रुपये, आणि अगदी दोन हजार बदलले तरी ४५ जाणारच. बाहेरून डॉलर आले आणि आपल्या बँकेनं रुपये करून दिले तरी हा लागतो, फ्रीलान्सिंग करणाऱ्यांनी लक्षात ठेवा, छोटी छोटी पेमेंट्स घेण्यापेक्षा एकत्र घ्या.

अमेरिकेतून घरी पैसे पाठवणाऱ्यांसाठी, ‘झिरो फी’ अ‍ॅपची जाहिरात बघू नका, हजार डॉलरचे हातात किती रुपये पडतात एवढंच बघा. खरा रेट ८५ असताना ८३.९० दिला तर फी शून्य आणि ११०० रुपये गायब. तिकडच्या कायद्यानं कंपनीला रेट, फी आणि पोचणारी रक्कम आधी दाखवावी लागते, आणि पैसे पोचलेले नसतील तर साधारणपणे ३० मिनिटांच्या आत फुकटात रद्द करता येतं, हे तिथे दहा वर्षं राहिलेल्या माझ्या मावसभावालाही माहीत नव्हतं. ब्रिटनमध्ये असाल तर १०० पौंडांवरची आणि ३०,००० पर्यंतची वस्तू क्रेडिट कार्डानं घ्या, १९७४ च्या कायद्यातल्या ७५ व्या कलमानुसार विकणाऱ्याबरोबर कार्ड कंपनीही जबाबदार, दुकान परदेशातलं असलं तरी. युरोपीय संघात ऑनलाइन घेतलेला बहुतेक माल १४ दिवसांत कारण न देता परत करता येतो.

आणि गडबड झाली तर

दोन प्रकार वेगळे ठेवा, लोक इथेच गोंधळतात.

पहिला, व्यवहार तुम्ही केलेलाच नाही. परदेशी साइटवर ओटीपी येतोच असं नाही, कार्ड नंबर आणि मागचे तीन आकडे मिळाले की काम होतं. मेसेज आला की त्या क्षणी कार्ड ब्लॉक आणि बँकेत तक्रार, तक्रारीचा नंबर लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घातलेल्या नियमाप्रमाणे तुमची चूक नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमची जबाबदारी शून्य, चार ते सात दिवसांत कळवलं तर ठरलेल्या मर्यादेपर्यंत, त्यानंतर बँकेची मर्जी. ‘रविवारी बघू’ करू नका.

दुसरा, व्यवहार तुम्हीच केला पण माल आला नाही, भलताच आला, दोनदा पैसे कापले, रद्द केलेलं सबस्क्रिप्शन चालूच राहिलं. इथे आधी विकणाऱ्याला मेल, लेखी, तारीख देऊन. उत्तर नाही आलं की बँकेला ‘चार्जबॅक’ मागायचा, म्हणजे बँकेनं कार्ड नेटवर्कमार्फत दुकानदाराकडून पैसे परत ओढायचे, हाच शब्द वापरा, ‘रिफंड द्या’ म्हणालात तर कॉल सेंटर तुम्हाला परत दुकानदाराकडे ढकलेल. कार्ड नेटवर्कच्या नियमांत बऱ्याच कारणांसाठी १२० दिवसांपर्यंत मुदत असते पण बँका आपली मुदत कमी ठेवतात, तेव्हा महिन्याच्या आत टाका. सोबत ऑर्डरचा मेल, जाहिरातीचा स्क्रीनशॉट (साइट नंतर बदलते, म्हणून ऑर्डर करतानाच काढून ठेवा), ट्रॅकिंग, तुमचे मेल. आलेला माल भलताच असेल तर पार्सल उघडतानाचा व्हिडिओ. मी स्वतः एकदा कॅमेऱ्याच्या अ‍ॅडॉप्टरचे पैसे असे परत मिळवलेत, दोन महिने लागले, तीन फोन झाले, पण आले.

बँकेनं नाकारलं किंवा ३० दिवसांत उत्तरच दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. २०२१ पासून ‘एक देश एक लोकपाल’ आहे, सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन वर तक्रार, फी नाही, वकील नको. बँकेला आधी लेखी तक्रार केलेली असली पाहिजे ही अट, नाहीतर पहिल्याच पायरीवर परत येते. न सांगता लावलेले चार्जेस हे इथलं काम.

विकणाऱ्याविरुद्ध भांडायचं तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, आणि त्यापुढे ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात एक फार सोयीची गोष्ट झाली, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, कंपनीचं ऑफिस कुठे का असेना. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षं, आणि ‘ई-जागृती’वरून घरबसल्या दाखल होते. २०२० चे ई-कॉमर्स नियम भारतीय ग्राहकांना सातत्यानं माल विकणाऱ्या परदेशी साइट्सनाही लागू आहेत, त्यांना सगळे सक्तीचे चार्जेस धरून एकूण किंमत दाखवावी लागते आणि तक्रार ४८ तासांत पोचल्याचं कळवावं लागतं. शेवटच्या पानावर हळूच आकडा वाढवणं, न विचारता कार्टमध्ये विमा टाकणं, हे ३० नोव्हेंबर २०२३ पासून ‘डार्क पॅटर्न’ म्हणून बंदीच्या यादीत आहे, यादीत असले तेरा प्रकार आहेत.

आता खरं सांगतो. भारतात ऑफिस नसलेल्या कुठल्यातरी चीनमधल्या शेन्झेनच्या दुकानाविरुद्ध नाशिकच्या आयोगात निकाल लागला तरी वसूल कोण करणार? तिथे कायदा कागदावरच राहतो. अशा वेळी हातात खरं हत्यार चार्जबॅकच, म्हणून अनोळखी परदेशी साइटवर क्रेडिट कार्डच वापरा. डेबिट कार्डात तुमचे पैसे आधी जातात आणि मग तुम्ही भांडता, क्रेडिटमध्ये निदान बँकेचे पैसे अडकलेले असतात. साइट म्हणाली बँक ट्रान्सफर करा किंवा क्रिप्टो पाठवा, तर टॅब बंद.

आणि काम झालं की बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन कार्डाचं ‘इंटरनॅशनल’ बंद करायचं, हे बटण रिझर्व्ह बँकेनं २०२० मध्ये सगळ्या बँकांना द्यायलाच लावलंय, नव्या कार्डावर ते बंदच येतं, आपण एका ऑर्डरसाठी चालू करतो आणि विसरतो. हे लिहिता लिहिता मी माझं उघडून बघितलं. आयपीस येऊन किती महिने झाले, बटण अजून चालूच होतं.